पडवीतला कप

आमच्या घराच्या पडवीत, दाराच्या उजव्या हाताला, एक कोनाडा होता. त्यात एक कप उपडा घातलेला असायचा. पांढरा, काठाला निळी रेघ, कान तुटलेला. खालच्या वाडीतली एक बाई आमच्याकडे लावणीला, झोडणीला आणि आंब्याच्या दिवसांत कामाला यायची. दुपारी चारच्या सुमाराला ती हातपाय धुऊन पायरीवर बसायची, हात लांबवून कप काढायची, खळ्यातल्या दगडावर ठेवायची आणि दोन पावलं मागे सरायची. मग माझी आई चहाचा टोप घेऊन बाहेर यायची आणि वीतभर उंचीवरून चहा ओतायची. एक थेंब बाहेर सांडायचा नाही, इतकी दोघींच्या हातांना सवय झाली होती. चहा आम्ही प्यायचो तोच, आलं ठेचून घातलेला, साखरही तेवढीच. पिऊन झालं की बाई कप विसळायची, पुन्हा कोनाड्यात उपडा घालायची आणि कामाला लागायची.

ही १९७० नंतरची गोष्ट आहे. अस्पृश्यता घटनेने बंद करून वीस वर्षं उलटली होती. आमच्या घरी वर्तमानपत्र येत होतं, रेडिओ होता, गांधींचा फोटो होता. आणि आई काही कठोर बाई नव्हती. त्या बाईच्या मुलीचं बाळंतपण अडलं तेव्हा रात्री कंदील घेऊन खालच्या वाडीत गेली ती माझी आईच. तापाचं औषध, सणाचं लुगडं, मुलांच्या वह्या हे सगळं आमच्या घरातून जात होतं आणि ते कधी बोलून दाखवलं जात नव्हतं. तरी कप कोनाड्यातच राहिला. आईच्या चांगुलपणाने त्याला हात लावला नाही, आणि कायद्यानेही नाही. हा कप मला कळावा म्हणून मी हे पुस्तक लिहायला घेतलं.

गेली काही वर्षं मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या गावांतून फिरते आहे. मंडणगडपासून राजापूरपर्यंत म्हाताऱ्या माणसांशी बोलते आहे. विहिरीवर कोण कुठल्या बाजूने पाणी भरायचं, पालखी कुणाच्या दारात थांबायची, मयताला कोण यायचं, कुणाच्या घरचा विस्तव कुणी बंद केला, हे विचारते आहे. पुढच्या पानांत त्यांनी सांगितलेलं आहे. नावं मुद्दाम दिलेली नाहीत, कारण सांगणाऱ्यांना अजून त्याच गावात राहायचं आहे. ही प्रस्तावना मात्र त्या सगळ्या बोलण्यात पुन्हा पुन्हा आलेल्या तीन शब्दांबद्दल आहे: मान, हक्क आणि माणुसकी. बोलताना आपण हे तीन शब्द एकमेकांच्या जागी सहज वापरतो. ‘पालखीचा हक्क आमचा’ असं म्हणतो, तेव्हा बोलत असतो मानाबद्दल. ‘माणुसकीच्या नात्याने त्यांना पाणी भरू दिलं’ असं म्हणतो, तेव्हा ज्याला परवानगीची गरजच नव्हती ते आपण दिल्याचं सांगत असतो. या अदलाबदलीने आपल्या जिल्ह्याचं जितकं नुकसान झालं आहे तितकं उघड दुष्टपणानेही झालं नसेल, असं मला वाटतं.

गोंधळाचं मूळ शब्दातच आहे. ‘हक्क’ हा शब्द अरबी-फारसीतून मराठीत आला आणि आपल्या जुन्या कागदपत्रांत तो बहुतेक वेळा ‘हक्कलाजिमा’, ‘मानपान’ अशा जोडीने भेटतो. पाटील, देशमुख, देशपांडे, खोत यांच्या वतनांबरोबर येणारी ही प्राप्ती. गावाच्या उत्पन्नात अमुक वाटा, सणाला तमुक नजराणा, मिरवणुकीत पहिली जागा. म्हणजे कित्येक पिढ्या मराठीत हक्क हा दुसऱ्याला नसलेल्या गोष्टीचंच नाव होता. सगळ्या गावाला मिळाला असता तर त्याला कुणी हक्क म्हटलं नसतं.

कोकणात हे सगळ्यांत स्पष्ट दिसतं ते खोतीत. खोत हा सरकार आणि कूळ यांच्या मधला. सरकारचा सारा त्याने भरायचा आणि कुळांकडून पिकाचा वाटा घ्यायचा. भाताच्या जमिनीवर अर्धेल, म्हणजे अर्धा वाटा, आणि वरकसावर तिर्धेल, म्हणजे तिसरा वाटा. धारेकऱ्याची गोष्ट वेगळी, तो ठरलेला साराच देई. बाकीच्या कुळांना वाट्याशिवाय वेठही होती: खोताच्या शेतात फुकट नांगर धरायचा, त्याचं घर शाकारायचं, त्याचं ओझं वाहायचं. १८८० च्या खोती कायद्याने या व्यवस्थेला इंग्रजी राज्याची मोहोर मिळाली. आमचं घराणंही खोताचं. घरात एक लाकडी पेटी होती, तिच्यात तांबडे पडलेले कागद होते आणि आजोबा त्यांना ‘आपले हक्काचे कागद’ म्हणत. लहानपणी मला तो शब्द भारदस्त वाटायचा.

लोकमान्य टिळकांचा जन्म रत्नागिरीचा, १८५६ चा. मूळ गाव दापोलीजवळचं चिखलगाव, आणि घराणं खोताचं. स्वराज्याला जन्मसिद्ध हक्क म्हणणारे टिळक खोती विधेयकाच्या वादात खोतांच्या बाजूने उभे राहिले होते. टिळकांना खाली ओढावं म्हणून मी हे लिहीत नाही. एकाच माणसाच्या तोंडी एक शब्द दोन अर्थांनी कसा नांदू शकतो हे यात दिसतं, आणि मला ते विलक्षण वाटतं. खोतीचा हक्कही जन्माने मिळत होता, एका विशिष्ट घरात जन्मल्याने. स्वराज्याचा हक्कही जन्माने मिळणार होता, या देशात माणूस म्हणून जन्मल्याने. दुसरा अर्थ मराठीत रुजला तो पहिल्या अर्थाशी झगडत. मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचं ज्यांचं मूळ घर, त्या डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. पुढच्या जानेवारीत कोकणातले हजारो शेतकरी त्यासाठी मुंबईत मोर्चाने गेले. खोती प्रत्यक्ष गेली ती १९४९ च्या कायद्याने. आजोबांच्या पेटीतले कागद त्या वर्षी रद्दी झाले, पण हे त्यांनी शेवटपर्यंत मानलं नाही.

मानाबद्दल मला थोडं सांभाळून लिहायचं आहे, कारण सगळा मान मला वाईट वाटत नाही. शिमग्यात पालखी सहाणेवर बसते, देवीला रूपं लागलेली असतात, आणि गाऱ्हाणं घालायला गावातला एक वयस्क माणूस पुढे होतो. त्याच्या आवाजात साऱ्या गावाची सुखदुःखं एका दमात देवापुढे जातात. तो मान त्याच्या घराण्याचा आहे. मला तो ऐकायला आवडतो आणि तो काढून घ्यावा असं मला कधी वाटलं नाही. लग्नात मामाचा मान असतो, जेवायला बसताना म्हाताऱ्या माणसाचं पान आधी वाढलं जातं. यांनी कुणाचं काही अडत नाही.

अडतं तेव्हा, जेव्हा एकाचा मान दुसऱ्याच्या वाटेत आडवा पडतो. पालखी कुठल्या वाडीत जाणार नाही हे ठरवणं, हाही बऱ्याच गावांत मानाचाच भाग समजला जातो. पालखी वाडीच्या तोंडाशी येते, ढोल वाजत असतात, बाया ओटीचं ताट घेऊन दारात उभ्या असतात आणि भोयी वळतात. मला एका बाईने सांगितलं की तिने सलग नऊ वर्षं ताट भरलं आणि नऊ वर्षं तेच तांदूळ रात्री भातात घातले. देव तिच्या दारात न आल्याने मानकऱ्यांना काय मिळालं? एका अर्थाने खूप काही. काही मान असा असतो की समोर कुणीतरी वंचित असल्याशिवाय तो जाणवतच नाही. एखाद्या गोष्टीचा वाटा दुसऱ्याला दिला तर माझ्याकडची कमी होते का, हे मी विचारून पाहते. मी विहिरीवर पाणी भरते, म्हणून तुझं पाणी भरणं हलकं होत नाही. पण ‘या विहिरीवर फक्त आम्हीच भरतो’ यात ज्याला गोडी होती, त्याची गोडी मात्र त्या दिवशी संपते. तेव्हा त्याला वाटतं की आपला हक्क गेला.

हे माझं अनुमान नाही, कोर्टात झालेली गोष्ट आहे. कशेडीचा घाट उतरून पोलादपूर ओलांडलं की महाड. आज तो रायगड जिल्हा, तेव्हाचा कुलाबा. सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने ऑगस्ट १९२३ मध्ये मंजूर केला आणि सार्वजनिक तळी, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले झाले. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं खुलं असल्याचा ठराव केला. कागदावर हक्क आला, पण पाण्याला हात लावायची सोय नव्हती. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर तळ्यावर गेले, ओंजळीने पाणी प्यायले आणि त्यांच्यामागून परिषदेला आलेली हजारो माणसं प्यायली. त्यात आपल्या जिल्ह्यातून पायी गेलेलेही होते. त्याच दिवशी त्या लोकांना मारहाण झाली आणि मग घागरी ओतून तळं ‘शुद्ध’ करून घेण्यात आलं.

याच्या पुढचा भाग फारसा सांगितला जात नाही. महाडच्या काही रहिवाशांनी कोर्टात दावा लावला. त्यांचं म्हणणं असं की पूर्वापार वहिवाटीने या तळ्याचं पाणी स्पृश्यांचं आहे आणि इतरांना अडवण्याचा त्यांना अधिकार आहे. डिसेंबरमध्ये डॉ. आंबेडकर दुसऱ्यांदा महाडला आले तेव्हा कोर्टाची तात्पुरती मनाई हातात होती. दावा वर चढत गेला. मुंबई हायकोर्टाचा निकाल लागला तो १७ मार्च १९३७ रोजी: अशी अनादी काळापासूनची वहिवाट वादींना सिद्ध करता आलेली नाही. ओंजळभर पाण्यासाठी जवळजवळ दहा वर्षं. मला यात सगळ्यांत बोचते ती फिर्याद मांडणाऱ्यांची खात्री. त्यांना आपण अन्याय करतो आहोत असं वाटत नव्हतं. आपल्या हक्कावर कुणीतरी आक्रमण करतं आहे, अशीच त्यांची मनापासून समजूत होती. पेटीवर हात ठेवून आजोबा बोलत, तेव्हा मी अगदी तोच स्वर ऐकला आहे.

हक्क मिळूनही माणूस बाहेरच कसा राहतो, याचं उदाहरण त्याहून जुनं आणि घरचं आहे. दापोली हा लष्करी पेन्शनरांचा गाव. पलटणींतून निवृत्त झालेल्या महार शिपायांची कितीतरी कुटुंबं तिथे राहत. ‘विटाळ विध्वंसन’ लिहिणारे गोपाळबाबा वलंगकर त्यांतलेच, आणि डॉ. आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळही निवृत्तीनंतर काही काळ दापोलीलाच होते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात या पेन्शनरांनी आपल्या मुलांना नगरपालिकेच्या शाळेत घ्यावं म्हणून अर्जांमागून अर्ज केले. वर्षानुवर्षं टोलवाटोलवी झाली. सरकारचा हुकूम अखेर त्यांच्या बाजूने गेला. मुलांना शाळेत घेतलं आणि बसायला व्हरांडा दिला.

त्या व्हरांड्याचा मी फार विचार केला आहे. हजेरीपटावर नाव आहे, फी भरली आहे, मास्तरचा आवाज आतून ऐकू येतो आहे. पावसाची झड आली की पाटी भिजते. आत बसलेल्या एकाही मुलाने काही केलेलं नाही, ती फक्त आत बसली आहेत. माझे पणजोबा त्याच काळात दापोलीला शिकले. ते आतल्या मुलांपैकी असणार. पुढे ते कारकून झाले, त्यांचा मुलगा वकील झाला, वकिलाच्या घरात पुस्तकं आली आणि त्या पुस्तकांतून मी वाचायला शिकले. खोती गेली तरी बाग राहिली, विहीर राहिली, सही करायला न घाबरणारा हात राहिला. आज आमच्या भाऊबंदांत कुणी शिष्यवृत्तीचा विषय काढतो, ‘त्यांना सगळ्या सवलती’ म्हणतो, तेव्हा मला तो व्हरांडा दिसतो. आमच्या पणजोबांना जी सवलत होती तिला नाव नव्हतं, तिचा अर्ज करावा लागत नव्हता, तिच्यासाठी जातीचा दाखला कुणी मागत नव्हतं. म्हणून ती आम्हाला अजून दिसत नाही.

आता माणुसकी. हा शब्द आपल्याला सगळ्यांत प्रिय आहे आणि मलाही आहे. पण त्याच्याशी झटापट केल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

साने गुरुजी दापोली तालुक्यातल्या पालगडचे. त्यांचं घराणंही खोताचं. ‘श्यामची आई’ त्यांनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. त्यात एक प्रसंग आहे. वाटेत एका म्हाताऱ्या महारणीची लाकडाची मोळी खाली पडली आहे, तिला ती एकटीला उचलवत नाही, आणि गावातलं कुणी हात लावायला तयार नाही. आई श्यामला सांगते, जा, तिच्या डोक्यावर मोळी दे, आणि घरी आल्यावर आंघोळ कर. लहानपणी वाचताना मी मोळीशी रडले होते. आंघोळीशी मी अडले ती चाळिशी उलटल्यावर. आणि एकदा अडल्यावर मला आमचा कप आठवला.

त्या आईला मी दोष देत नाही. तिच्या काळातल्या, तिच्या वाटेवरच्या बाकीच्या माणसांनी मोळीही उचलली नव्हती. तिने मुलाला त्या म्हातारीच्या ओझ्यापर्यंत नेलं, ही छोटी गोष्ट नव्हे. पण आंघोळ केल्याने म्हातारीची जागा होती तीच राहिली. माणुसकी एका क्षणापुरती उतरून खाली आली आणि अंग धुऊन पुन्हा वर गेली. आमच्या आईचा चहा तसाच होता. ऊन ऊन, गोड, मनापासून दिलेला, आणि वरून ओतलेला.

मोळीचा प्रसंग लिहिणारा तो मुलगा मात्र तिथे थांबला नाही. म्हणून मला साने गुरुजी या विषयाचे खरे साक्षीदार वाटतात. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून ते आधी महिनोन् महिने महाराष्ट्रभर फिरले, सभा घेतल्या, आणि १ मे १९४७ ला पंढरपुरात उपोषणाला बसले. दहा दिवस. १० मे रोजी उपोषण सुटलं ते मंदिराचं दार उघडण्याचं वचन मिळाल्यावर. त्याच वर्षी मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदा झाला. मोळी उचलून देण्यापासून दाराशी बसून राहण्यापर्यंतचा हा रस्ता एका माणसाने एका आयुष्यात पायाखाली घातला. मोळी उचलणं आईने शिकवलं होतं. पण दारात बसताना त्यांना कुणाच्या दयाळूपणाची याचना करायची नव्हती. आत जाणं हे ज्यांचं आहे, त्यांना ते द्या, एवढंच म्हणायचं होतं.

रत्नागिरी शहरातलं पतितपावन मंदिर या रस्त्याच्या मधोमध कुठेतरी उभं आहे. सावरकर १९२४ पासून १९३७ पर्यंत इथे स्थानबद्ध होते. राजकारणाला बंदी होती, म्हणून त्यांनी आपली ताकद जातिभेद मोडण्यावर लावली: शाळांतून मुलांनी एकत्र बसणं, सहभोजनं, जुन्या विठ्ठल मंदिरात पूर्वास्पृश्यांचा प्रवेश. भंडारी समाजातले धनिक भागोजीशेठ कीर यांनी स्वतःचा पैसा घातला आणि २२ फेब्रुवारी १९३१ रोजी लक्ष्मीनारायणाचं हे मंदिर सर्व हिंदूंसाठी उघडलं. १९३३ मध्ये सर्व जातींनी एकत्र चहा घ्यावा म्हणून ‘अखिल हिंदू उपहारगृह’ही निघालं. त्या काळात, रत्नागिरीसारख्या गावात, हे करायला छाती लागत होती. भागोजीशेठांबद्दल मला अपार आदर आहे. ज्यांच्या समाजालाही जुन्या देवळांत मागेच उभं राहावं लागे, त्यांनी दार बांधलं ते सगळ्यांसाठी.

तरीही एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. नवं देऊळ बांधल्यावर जुन्या देवळांची दारं होती तशीच राहू शकतात. ‘तुमच्यासाठी ते आहे ना’ असं म्हणायची सोय होते, आणि ते वाक्य मी आजही ऐकते. एका दानशूर माणसाने उघडलेलं दार हे त्याच्या मनाच्या मोठेपणावर उघडं असतं. महाडच्या तळ्यासाठी झगडणाऱ्यांनी मन मोठं करा असं कुणालाच सांगितलं नव्हतं. आणि सर्व हिंदूंना खुल्या केलेल्या त्या मंदिराच्या आणि उपहारगृहाच्या हिशेबात राजिवड्याचा मुसलमान शेजारी नव्हता, हेही मोकळेपणी लिहायला हवं.

मग माणुसकी ही फक्त हक्काची गरीब बहीण आहे का? मला तसं अजिबात वाटत नाही, आणि ते कळलं ते वाळीत टाकण्याच्या हकिगती ऐकताना. या पुस्तकातलं सगळ्यांत मोठं प्रकरण त्यांचंच आहे.

वाळीत टाकलेल्या माणसाचं वरवर पाहता काहीच काढून घेतलेलं नसतं. त्याचं घर, शेत, सातबारा जागच्या जागी असतो. गावाने फक्त ठरवलेलं असतं की याच्याशी बोलायचं नाही. दुकानदार माल देत नाही, पण दुकान त्याचं आहे. शेजारीण हाक मारत नाही, पण हाक मारायची सक्ती कुठे आहे? घरात मयत होतं आणि खांदा द्यायला चौघं मिळत नाहीत. एका गावातल्या भावांनी मला सांगितलं की आईला त्यांनी दोघांनीच नेलं. पंधरा ठिकाणी तिरडी खाली ठेवली. वाटेवरच्या प्रत्येक घराचं दार बंद होतं आणि प्रत्येक दारामागे माणूस होता, हे त्यांना कळत होतं.

वाळीत टाकण्याची ही रीत जुनी आहे. दापोली तालुक्यातल्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकलेल्या विधवा गोदूबाईंशी लग्न केलं. त्यापूर्वी गावाच्या भल्यासाठी ‘मुरुड फंड’ काढला होता तो याच कर्व्यांनी. लग्नानंतर ते गावी आले तेव्हा गावाने ठरवलं की कर्वे असतील त्या बैठकीत कुणी बसायचं नाही, आणि घरच्यांनी त्यांना घरात घेतलं तर त्या घरावरही बहिष्कार. आई आणि भाऊ गावात, आणि मुलाला घरात घ्यायची चोरी. पुढे देशाने त्यांना १९५८ मध्ये भारतरत्न दिलं. त्या आईचे मधले दिवस मात्र कुणाला परत देता आले नाहीत.

आता वाळीत टाकण्याविरुद्ध महाराष्ट्रात स्वतंत्र कायदा आहे. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी जातपंचायतींविरुद्ध आणि गावकीच्या बहिष्कारांविरुद्ध लावून धरल्यावर तो २०१६ मध्ये विधिमंडळात मंजूर झाला आणि जुलै २०१७ पासून लागू झाला. सामाजिक बहिष्कार टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. रायगड आणि रत्नागिरीतल्या बहिष्कारांच्या बातम्यांचा या मागणीत मोठा वाटा होता. शेजारणीने हाक मारावी असा हुकूम हा कायदा काढू शकत नाही. पण साऱ्या गावाने मिळून हाक बंद करायचा कट केला तर तो गुन्हा, असं तो म्हणतो. माणुसकीची सक्ती करता येत नसली तरी ती रोखून धरण्याची सक्ती मोडता येते. गावोगाव मला भेटलेल्या वाळीत पडलेल्या माणसांपैकी जवळजवळ प्रत्येकाने सांगितलं की रात्री मागच्या दाराने कुणीतरी यायचं. दूध ठेवून जायचं, औषध ठेवून जायचं. दिवसा तेच माणूस मान फिरवायचं. त्या मागच्या दाराने येणाऱ्यांना उजळ माथ्याने पुढच्या दाराने येता यावं, यासाठी मला तो कायदा हवा आहे.

उलट बाजूही मी पाहिली आहे. २०२१ च्या जुलैमध्ये वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं आणि बाजारपेठ बुडाली. तेव्हा कुणी कुणाची जात विचारून होडीत घेतलं नाही. आसपासच्या गावांतून भाकऱ्या आल्या, मशिदींतून जेवण वाटलं गेलं, अनोळखी पोरं खांद्यावर तांदूळ वाहत होती. ती माणुसकी होती, निखळ, आणि तिची आठवण अजून अंगावर काटा आणते. पाणी ओसरल्यावर पंचनामे सुरू झाले. तिथे मी एक विधवा बाई पाहिली. भरपाईच्या यादीत आपलं नाव आहे का, हे विचारताना ती हात जोडून उभी होती. ज्या पोराने तिला भाकरी दिली त्याला तिने हात जोडले नव्हते, नुसतं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला होता. मला वाटतं, तिला फरक नीट कळत होता, पण टेबलापलीकडच्याला तो कळत नव्हता.

आणि कप? कोनाडा आता बुजवला आहे. घर दुरुस्त केलं तेव्हा तिथे विजेचा बोर्ड आला. बागेच्या राखणीला हल्ली नेपाळी कुटुंबं असतात, मिरकरवाड्याच्या ट्रॉलरांवरही तीच माणसं. मोहोर येण्याआधी येतात, आंबा उतरला की जातात. दोन वर्षांपूर्वी मी चहा करत होते आणि सून कपाटातून कप काढत होती. पाहुण्यांसाठी चिनीमातीचे, आणि राखणदारासाठी एका प्लास्टिकच्या पिशवीतून कागदी. मी विचारलं, हा का? ती म्हणाली, “अहो आई, स्वच्छ असतो. फेकून देता येतो.” तिच्या मनात काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. ती मुंबईत वाढलेली, शिकलेली, सगळ्यांशी गोड बोलणारी मुलगी आहे. मी कागदी कप परत पिशवीत घातला. त्या दिवसापासून आमच्याकडे सगळ्यांना एकच कप आहे, आणि पहिल्या दिवशी तो राखणदार कप हातात घेऊन उभाच राहिला, बसेना.

पुस्तकाचा कच्चा मजकूर ज्यांनी ज्यांनी सांगितला होता त्यांना मी वाचून दाखवला. त्यात खालच्या वाडीतली ती बाईही होती. आता ऐंशीच्या पुढे आहे, कानाने कमी ऐकते. ही सुरुवात मी तिला मोठ्याने वाचली. त्यात मी आधी लिहिलं होतं की आई तिला फार मायेने चहा द्यायची, आणि कपाबद्दल एकच ओळ होती. तिने मला थांबवलं. जरा वेळ खळ्याकडे पाहत बसली.

“वैनी बऱ्या होत्या,” ती म्हणाली. “पन कप येगला होता. दोनी लिव.”

मग मी तिच्यासमोर बसूनच ते पान पुन्हा लिहिलं.